दहा मीटर मागे

मुकादमाची रेषा उखडत नाही, हे रस्तेखात्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि ज्याला नव्हतं त्याच्याकडून तो स्वतः पाठ करून घ्यायचा. बावीस वर्षं तो हायवेवर पांढरे पट्टे मारत होता. बॉयलरमध्ये रंग वितळवायचा, मशीन ढकलत तो उकळता रंग रस्त्यावर ओतायचा, वर चकाकणारी काचपूड भुरभुरायची. इतरांचे पट्टे सहा महिन्यांत पापुद्रे धरायचे, याचे तीन-तीन वर्षं जागचे हलायचे नाहीत. कामाचा अभिमान असावा माणसाला, कोण नाही म्हणतं? पण याचा अभिमान पार डोक्यात गेला होता.

शिलाई कारखान्यासमोर रस्ता ओलांडताना वर्षभरात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे खात्याला जाग आली. झेब्रा पट्टे मारायचे ठरलं, आणि गाड्यांनी थांबायची रेषा त्या पट्ट्यांच्या दहा मीटर मागे. इंजिनिअर मॅडमनी रस्त्यात उभं राहून मुकादमाला समजावलं.

“कडेच्या लेनमधली मोठी गाडी पट्ट्यांना नाक लावून थांबली, की शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला चालणारं माणूस दिसतच नाही. ते गाडीच्या आडून एकदम समोर येतं. म्हणून गाडी मागेच थांबली पाहिजे. कळलं ना?”

“कळलं की मॅडम. जन्म गेला यात.”

कळलं होतंच. पण दहा मीटर मोजले, तर तिथे नेमकं कालपरवा टाकलेल्या डांबराचं ठिगळ. कच्च्या डांबरावर रंग धरत नाही. आठवडाभर थांबावं, तर क्रॉसिंग सकाळी सुरू करायचं फर्मान होतं.

“दाजी, मॅडमना फोन लावू का?” मेव्हण्याने विचारलं. बॉयलर तोच सांभाळायचा.

“लाव ना. विचार त्यांना, मुकादमाला रेषा मारता येत नाही, येऊन शिकवता का म्हणून.”

मेव्हणा बॉयलरकडे वळला. मुकादमाने जुन्या टणक डांबरावर, पट्ट्यांपासून जेमतेम दोन पावलांवर रेषा मारली आणि मोकळा झाला. सरळ, लखलखीत, बघत राहावी अशी रेषा. संध्याकाळी मॅडम आल्या, त्या घाईत होत्या. गाडीची काच खाली करून त्यांनी पाहिलं, सही केली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कारखाना सुटला, तेव्हा मुकादम आणि मेव्हणा तिथेच फुटपाथच्या कडेला पिवळा रंग देत होते. निळा अॅप्रन घातलेली एक बाई पट्ट्यांपाशी येऊन उभी राहिली. कडेच्या लेनमधून पाण्याचा टँकर आला आणि रेषेवर बरोबर थांबला. चष्मा लावलेल्या, टक्कल पडलेल्या ड्रायव्हरने तिला हाताने ‘जा’ म्हणून खूणही केली.

“बघ,” मुकादम मेव्हण्याला म्हणाला, “रेषा दिसली की थांबतात लोक.”

बाई टँकरच्या पुढून चालत गेली. टँकरची सावली संपली तिथे तिने पुढचं पाऊल टाकलं, आणि दुसऱ्या लेनमधून आलेल्या करड्या मोटारीने तिला उडवलं. ती वर फेकली गेली आणि टँकरच्या पुढ्यात डोक्यावर आपटली. मोटार क्षणभर डगमगली, मग सुसाट निघून गेली. बाईची एक चप्पल दुभाजकावर जाऊन पडली होती. नव्याकोऱ्या पांढऱ्या पट्ट्यांवर रक्ताचा ओघळ लागला.

आपण हे केलं, हे मुकादमाला त्याच क्षणी कळलं. त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

कारखान्यातून लोंढा आला, शेजारच्या गॅरेजातली माणसं धावली. बाईला एका रिक्षात घालून नेलं, ती हलत नव्हती. मागे राहिलेल्यांना समोर दिसला टँकर. पळून गेलेली मोटार कोणी पाहिली होती? माणूस पडलंय टँकरसमोर, म्हणजे मारलं टँकरने. एवढा हिशेब करायला जमावाला वेळ लागत नाही.

ड्रायव्हरला खिडकीतून कॉलरला धरून खाली ओढलं. चष्मा पहिल्याच थोबाडीत गेला. मग लाथा सुरू झाल्या.

“मी थांबलो होतो! अहो, गाडी उभी होती माझी!”

“उभी होती? मग ती बाई काय हौसेने पडली का रे?” गॅरेजातल्या वेल्डरने विचारलं आणि त्याच्या तोंडावर बूट घातला. काहीतरी कडकन मोडलं. ड्रायव्हर पोटात पाय घेऊन मुटकुळं झाला, तर दोघांनी त्याचे हात धरून त्याला उलगडला. कोणी कमरेचा पट्टा काढला. कोणी फुटपाथची सुटी फरशी उचलून आणली.

मुकादम उठला, तसा मेव्हण्याने त्याचा दंड धरला.

“दाजी, तोंड उघडू नका. हे तुम्हाला फाडून खातील. ताईचा विचार करा.”

मुकादमाने ताईचा विचार केला. नोकरीचा केला. स्वतःच्या हाडांचाही केला, आणि खाली बसला. त्याची पाचावर धारण बसली होती, आणि ती तशी बसली याची त्याला लाज वाटत होती. तेवढ्यात फरशी ड्रायव्हरच्या गुडघ्यावर पडली आणि तो ओरडला. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. मुकादम मेव्हण्याचा हात झिडकारून गर्दीत घुसला.

“सोडा त्याला! चूक माझी आहे! रेषा मी मारलीय!”

“कसली रेषा?”

“थांबायची रेषा! ती तिकडे मागे हवी होती. मी पुढे मारली. म्हणून दुसऱ्या गाडीला बाई दिसली नाही!”

दोनचार जणांनी त्याच्याकडे पाहिलं. रंगाने माखलेला एक म्हातारा रेषेबद्दल बडबडतोय. माणूस मेल्यावर रंगाचं कोण ऐकतो?

“पिऊन आलाय. बाजूला करा रे याला.”

“नाही हो! एक ठार केली माझ्या रेषेने, दुसरा तुम्ही मारताय!”

वेल्डरने त्याच्या कानाखाली अशी लगावली की तो टँकरच्या चाकावर जाऊन आदळला. कानात शीळ वाजू लागली. समोर पुन्हा फरशी वर गेली. टँकरच्या पलीकडून, दुसऱ्या लेनमधून, गाड्या पुन्हा भरधाव जाऊ लागल्या होत्या. हायवे काही कोणासाठी थांबत नाही.

“थांबा,” मुकादम म्हणाला. “दाखवतो. तुम्हाला दाखवतोच.”

तो टँकरच्या पुढून चालू लागला, ती बाई चालली होती तसाच. “इकडे बघा!” तो ओरडत होता. “ती इथून आली! इथवर कोणाला दिसते का? आता बघा!”

“दाजी!” मेव्हणा किंचाळला. त्या किंचाळण्याने मात्र सगळ्यांनी माना वळवल्या.

मुकादमाने टँकरच्या आडून बाहेर पाऊल टाकलं. डबे पोचवणारी पांढरी व्हॅन ब्रेक करकचून दाबत आली, तिरकी झाली, आणि त्याच्या मांडीत घुसली. तो बॉनेटवर आपटून खाली रस्त्यावर पडला. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता, हाड पँट फाडून बाहेर आलं होतं.

फरशीवाल्याने फरशी खाली टाकली. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: टँकर तसूभरही हलला नव्हता, त्यात कोणी बसलेलंही नव्हतं. ड्रायव्हरला धरलेले हात एकेक करत सुटले. मुकादमाने ते पाहिलं. दुखण्याने त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती, तरी त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं. कळलं एकदाचं यांना.

व्हॅनवाला पळून गेला नाही. दार उघडून तो धावतच मुकादमापाशी आला, गुडघ्यांवर बसला. “काका, मला दिसला नाहीत हो तुम्ही. शपथ सांगतो. फोन करतो, थांबा, अॅम्ब्युलन्सला फोन करतो.”

“धरा त्याला!” वेल्डर ओरडला. “हाच तो! पळेल साला!”

व्हॅनवाल्याच्या हातातला फोन उडाला. केसांना धरून त्याला मागे ओढला. तेच बूट, तोच पट्टा.

“अरे त्याला नका मारू!” मुकादम कोपरांवर उठायचा प्रयत्न करत ओरडला. “त्याला दिसलंच नाही! कोणालाच दिसलं नसतं!”

टँकरचा ड्रायव्हर उठून उभा राहिला होता. त्याने तोंडातलं रक्त थुंकलं, लंगडत केबिनपाशी गेला आणि सीटखालची चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली.

“तू तरी नको रे,” मुकादम त्याला म्हणाला. “तुला माहीत आहे. तू तरी सांग त्यांना.”

ड्रायव्हरने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग गर्दीने त्याला वाट करून दिली आणि तो आत शिरला. मेव्हण्याने मुकादमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याचे डोळे हाताने झाकले. मुकादम ओरडतच राहिला, पण तोवर व्हॅनवाल्याचा आवाज बंद झाला होता.