मी घेत नाही म्हणजे मोडले नाही

मी बिघडलेली नाही. आधी हे सांगते, मग माझी ओळख. मी एक हार्ड डिस्क. तळहाताएवढी, काळी, वायरीने संगणकाला जोडायची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला कसलंच वळण नव्हतं. ते लावलं माझ्या पहिल्या मालकिणीने. ती व्हिडिओ एडिटिंग करते. तिच्या संगणकाच्या पद्धतीने तिने माझ्या आत कप्पे आखले आणि पाच वर्षं त्या संगणकाशी माझं छान जमलं. मग तिने नवी डिस्क घेतली आणि मला धाकट्या भावाला देऊन टाकलं.

भाऊ कृत्रिम पाय बनवतो. त्याच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीला टेकलेले अर्धवट पाय आणि वीस-वीस मिनिटांनी बंद पडणारा एक म्हातारा संगणक. त्या संगणकात सहाशे माणसांची मापं होती. ती हरवली असती तर सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं असतं, पुन्हा प्लास्टर, पुन्हा फेऱ्या.

ती माझ्यात उतरवून ठेवायला त्याने मला जोडलं. पडद्यावर पाटी आली : ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची?’

फॉरमॅट करणं म्हणजे आतले कप्पे मोडून नवे आखणं. आतलं सगळं जातं. तसं तिथे लिहिलेलंही असतं, पण माणसं प्रश्न वाचत नाहीत, ‘हो’ कुठे आहे ते शोधतात.

“ताईने मोडकी डिस्क गळ्यात मारली,” तो बायकोला म्हणाला.

“आधी तिला विचार. मागे असाच ‘हो’ दाबून माझा फोन कोरा केलास.”

त्याने ‘नाही’ दाबलं, वायर काढली, पुन्हा लावली. तीनदा. मी तीनदा घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, मनात शंका आली. सहाशे माणसं दाराशी ताटकळतायत आणि मी कडी लावून बसलेय, हा नुसता हट्ट तर नव्हे? पण माझ्या आत जे होतं, ते त्या संगणकाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

शेवटी त्याने फोन लावला. “ताई, ही काही घेत नाही गं.”

“माझ्या संगणकाच्या पद्धतीने आखलेली ना ती, तुझ्याकडे नाही चालायची. रिकामीच आहे. टाक पुसून.”

बाण ‘हो’वर गेला.

“थांब रे. तुझ्याकडे केलेलं शूटिंग मी काढून घेतलं होतं का? लोक नव्या पायावर पहिल्यांदा चालतात ते? त्या गणिताच्या बाई, चालता चालता तुलाच रागावणाऱ्या?”

त्याने माऊसवरचा हात उचलला. “ते पाहिजे मला. मापात पाय कळतो, चाल कळत नाही.”

दुपारी ताई स्वतःचा संगणक घेऊन आली. “इतकी वर्षं शिकलास, एवढं कळलं नाही?” म्हणत तिने आधी माझ्या आतलं सगळं सुखरूप बाहेर काढलं. मग दोन्ही संगणकांना समजतील असे कप्पे आखले. मापं आत आली. मध्ये म्हातारा संगणक तीनदा झोपला, आम्ही थांबलो. सर्वांत शेवटी शूटिंगमधली चालणारी माणसं माझ्या आत परत आली.

म्हणजे फॉरमॅट झालंच की, असं तुम्ही म्हणाल. झालं. माझी त्याला हरकत नव्हतीच. न विचारता पुसण्याला होती.

तुमच्याही खणात अशी एखादी डिस्क पडली असेल. तिला मोडकी ठरवण्याआधी, ती कुणाची होती त्या माणसाला एक फोन करा. आणि उद्या कुणी मला न वाचता पुसायला निघालं, तर मी पुन्हा अशीच अडून बसेन. खुशाल नावं ठेवा.