रत्नमालाची पट्टी

धम्मपालच्या मानेच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यानं डोळे मिटले आणि असा आवाज काढला की शेजारची सत्यभामा हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

"कुणाला मारायले?" तिनं दारातून विचारलं.

"कुणाला नाय, मावशी. गाणं म्हनायलो."

"गाणं व्हय?" तिनं लाटणं खाली केलं. "मग चालू द्या."

धम्मपाल माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आमची भीमगीतांची पार्टी आहे. माझी बायको रत्नमाला गायची आणि मी बेंजो वाजवायचो. उन्हाळ्यात ती गेली. आता धम्मपाल गातो. शनिवारी करमाडला कार्यक्रम होता, तिच्यानंतरचा पहिला. तो पडला असता तर पुढं कुणी बोलावलं नसतं. धम्मपालचा आवाज चांगला आहे, पण बेंजोला तारा होत्या त्या रत्नमालाच्या पट्टीच्या. तिची पट्टी उंच, पेटीवरची काळी पाच; ह्याची बरीच खालची, काळी दोन.

"दाजी, जाड तारा टाका," तो पाणी पिऊन म्हणाला. "ह्या बारीक तारा उतरवल्या की ढिल्या पडायल्यात. खुळखुळ्यावानी वाजतंय."

"जाड तारा नायत बाजारात सध्या."

"मागच्या हप्त्यात दुकान बंद होतं म्हनले. त्याच्या आधी दुकानदार हजला गेलता."

"गेलता की."

"परवा मला पानटपरीवर भेटला. पान खायलता."

पेटी वाजवणारी गोजरबाई इतकी हसली की पेटीवरच पडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कडुबाभाऊ, करमाडला ह्याचा गळा फुटंल. रत्नमालाची पार्टी बुडाली म्हनतील लोकं. चालंल का तुमाला?"

ते चालणार नव्हतं. मी शहागंजला वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं मला पाहिलं आणि न विचारता बारीक तारांची पुडी काउंटरवर ठेवली. "ये लो, भाभी का नंबर."

"ये नक्को. मोटी होना. काली दो की."

"काली दो?" त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "भाभी की आवाज बैठ गई क्या?"

ती गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती. मी म्हणालो, "हौ."

"कब से?"

"गरमी में से."

"या अल्लाह! इत्ते दिन?" तो आत गेला आणि ज्येष्ठमधाच्या काड्या घेऊन आला. "ये चूसने कू बोलो. ठंडा पानी बंद. और बिल्कुल बोलने नक्को देना उनकू."

"नहीं बोलती वो."

"नसीबवाले हो भाई!" तो म्हणाला. सगळी गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो. काड्यांचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

शनिवारी सकाळी मी जुन्या तारा काढल्या. नव्या जाड तारेचं टोक खिळ्याला अडकवलं, तार बटणांच्या खालून घेतली, पलीकडच्या खुंटीला गुंडाळली आणि पिळायला लागलो. धम्मपाल शेजारी बसून ज्येष्ठमध चघळत होता. सूर काही येईना. मी आणखी पिळली.

"दाजी, झालं की."

"नाय झालं."

"दाजी, काळी दोन कवाच मागं गेली."

"थांब रे जरा."

तार तुटली आणि सपकन धम्मपालच्या कानावर बसली. तो कान धरून घरभर नाचला. "मेलो! आधी गळा घेतला, आता कान! बहीण दिली तुमाला, अजून काय काय देऊ?"

बोलून गेल्यावर तो मटकन खाली बसला. मी तारेचे तुकडे गोळा केले.

"तुमी काळी पाचला निघालते," गोजरबाई म्हणाली. "ती तार तिथं कशी जाईल?"

मला कळलंच नव्हतं. खुंटी पिळताना मी तिच्याच सुराची वाट बघत होतो.

दुसरी तार चढवली तेव्हा गोजरबाईनं पेटीवर काळी दोन दाबून धरली. "हितं थांबायचं," ती म्हणाली. "वर नाय जायचं."

मी थांबलो. तार भरीव वाजली. धम्मपालनं एक हात कानावर ठेवून आलाप घेतला. या वेळी सत्यभामा आली नाही.

करमाडला विहारासमोर मंडप होता. पहिल्याच गाण्याला टाळ्या पडल्या. धम्मपाल निवांत गात होता, जणू ओट्यावर बसून गप्पा मारतोय. तिसऱ्या गाण्यात कोरस सुरू झाला आणि मला एक पुरुषी, खरखरीत आवाज ऐकू आला. कुणी गावकरी स्टेजवर चढला की काय म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. गोजरबाई माझ्याकडं बघत होती. धम्मपालही गाता गाता वळून बघत होता.

आवाज माझाच होता. काळी पाचला माझा गळा कधी पोचत नव्हता, म्हणून रत्नमाला गात असताना मी नुसता वाजवत आलो. या पट्टीत तो आपसूक बसला होता.

धम्मपालनं माइक उचलला आणि माझ्या तोंडापुढं आणून धरला. माझे दोन्ही हात बेंजोवर होते. माइक बाजूला सारता आला नाही.