टाकीमागचा अर्धा तास

आमच्या घरातील गरम पाणी माझ्या देखरेखीखाली येते, आणि सतरा वर्षांत त्याबद्दल कोणाला एक शब्द बोलण्याची संधी मी दिली नव्हती. सूतिकागृहात बत्तीस वर्षे मेट्रन म्हणून काढलेल्या बाईला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. निवृत्त झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती गच्चीवर सोलर बसवून घेण्याची. दोन रुंद पॅनेल, लोखंडी तिवईवर तीनशे लिटरची टाकी, आणि टाकीच्या पोटावर पाण्याची ऊब दाखवणारा गोल काटा.

पॅनेलच्या काचेवर धूळ बसली की पाणी कोमट येते. म्हणून रोज सकाळी उजाडल्यावर बादली आणि मऊ फडके घेऊन एकवीस पायऱ्या चढायच्या आणि काच पुसायची, हा माझा नेम होता. काच पुसायला दहा मिनिटे लागत. मी चाळीस मिनिटांनी खाली येत असे.

उरलेला अर्धा तास मी टाकीमागे बसत असे. टाकी आणि कठडा यांच्या मधल्या बोळकांडीत एक लाकडी खोके पालथे घातले होते. तिथे बसले की खालून हाक ऐकू येत नाही आणि जिन्याच्या दारातून माणूस दिसत नाही. पाठीला टाकीची किंचित ऊब लागे. तिथे मी काय करीत असे, असे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. आयुष्यभर मला कोणी ना कोणी हाक मारीत आले आहे. त्या अर्ध्या तासात कोणी मारीत नसे, एवढेच.

गेल्या थंडीत मी जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर घसरले आणि डावे मनगट मोडले. प्लॅस्टर सहा आठवड्यांत निघाले, पण त्या सहा आठवड्यांत घरात नवे कायदे झाले. माझ्या खोलीचे दार रात्रंदिवस उघडे राहू लागले. उशाजवळ पितळेची घंटा आली.

"काही लागलं तर वाजवायची, आई. उठायचं नाही," चिरंजीवांनी बजावले.

मी घंटेकडे पाहिले आणि ती कपाटाच्या कडेला सरकवली. जिने जन्मभर घंटा ऐकून धावपळ केली, तिने आता घंटा वाजवावी, हे मला शोभणारे नव्हते. दार उघडे ठेवण्याविषयी मात्र तक्रार करायला मला तोंड नव्हते. 'दार लोटू नका, पेशंट दिसला पाहिजे,' हे वाक्य मीच हजारो वेळा उच्चारले आहे. ते पेशंटला कसे वाटते, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

प्लॅस्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बादली उचलली, तर गच्चीच्या दाराला कुलूप.

"गच्ची बंद," चिरंजीव चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले.

"आणि काच कोण पुसणार? तुझे वडील वरून उतरून येणार आहेत का?"

"कोणीच नको पुसायला. पाणी कमी तापलं तर गॅस तापवेल. गिझर आणून ठेवलाय, उद्या प्लंबर येतोय. तुला बसल्या जागी कढत पाणी मिळेल, मग तर झालं?"

बसल्या जागी. हे दोन शब्द त्यांनी अगदी मायेने उच्चारले. किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि ते कचेरीत गेले. स्वयंपाकघरात सूनबाई उभी होती. तिचे काम घरूनच चालते: कानाला फोनचे यंत्र लावून ती दिवसभर परक्या माणसांच्या तक्रारी ऐकून घेते, आणि मधल्या वेळात आमच्या. तिने माझ्या हातातली रिकामी बादली घेतली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. चाळिशीचा, पोट सुटलेला. दारात मला पाहताच त्याने चपला काढल्या आणि हातातली सिगरेटही विझवली.

"मेट्रनबाई, तुमचं घर आहे होय हे?"

"आठवा महिना, दोन किलो, आणि मानेभोवती नाळ," मी म्हणाले. "रडायला तयार नव्हतास. मी दोन फटके दिले तेव्हा तोंड उघडलंस."

"त्यानंतर बंद झालंच नाही, असं आमची आई म्हणते."

या गावातील अर्धी माणसे माझ्या हातांवर जन्मली आहेत. त्यामुळे मला कोणाला 'अहो' म्हणावे लागत नाही, आणि मला 'नाही' म्हणणे लोकांना अवघड जाते. या दुसऱ्या गोष्टीचा मी त्या दिवशी जो उपयोग केला, तो सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

स्वयंपाकघराच्या बाल्कनीत त्याने खोके उघडले, गिझर उलटा-सुलटा करून पाहिला आणि मान हलवली.

"न्हाणीघरात लावायचा नाही, हे तर ठरलंच. बंद जागेत गॅस जळाला की माणूस झोपेतच जातो. इथे उघड्यावर ठीक आहे. पण मेट्रनबाई, हे यंत्र सोलरला चालणारं नाही. हे थंड पाण्यासाठी आहे. नळ सोडला की पेटतं, मग आत येणारं पाणी थंड असो की तापलेलं. टाकीतलं साठ अंशाचं पाणी यात शिरलं, तर बाहेर पडेल ते पाणी नसेल, वाफ असेल. बदलून आणा. येणाऱ्या पाण्याची ऊब ओळखून स्वतःच पेटणारं आणि स्वतःच गप्प बसणारं मिळतं."

"आणि हेच लावायचं असेल तर?"

"मग दोन वाटा कराव्या लागतील. ढगाळ दिवशी पाणी गिझरमधून, उन्हाच्या दिवशी गिझरला वळसा घालून सरळ नळाला. दोन व्हॉल्व्ह. पण मग टाकीचा काटा बघून माणसानं रोज ते फिरवायला हवेत."

माणसाने रोज. मी तो काटा डोळ्यांसमोर आणला, आणि काट्यामागचे खोके.

"काटा पाहून फिरवायचे, तर व्हॉल्व्ह काट्याजवळ हवेत," मी म्हणाले. "गच्चीवर, टाकीपाशी."

"इथेच खाली बसवतो की. वर कशाला चढता?"

"निर्जंतुकीकरणाच्या वाफेच्या पेट्या मी बत्तीस वर्षे चालवल्या. तू दोन किलोचा होतास तेव्हाही चालवीत होते. मला दोन व्हॉल्व्ह शिकवतोस?"

त्याने सूनबाईकडे पाहिले. तिने यंत्राचा एक कान बाजूला केला होता. तिने तो कान पुन्हा लावला. मग त्याने चिरंजीवांना फोन लावून माझ्या हाती दिला. गिझर बदलण्याविषयी तो जे बोलला होता, ते मी चिरंजीवांना सांगितले नाही. व्हॉल्व्ह वर लागतात, ते फिरवावे लागतात, आणि ते मलाच कळतात, एवढेच सांगितले.

"किल्ली माझ्या खणात आहे. दिवसातून एकदाच जायचं," शेवटी ते म्हणाले. "कठड्याला धरून."

संध्याकाळपर्यंत गच्चीवर दोन व्हॉल्व्ह बसले, एक लाल दांड्याचा आणि एक निळ्या. लाल म्हणजे गॅसची वाट, निळा म्हणजे उन्हाची. किल्ली माझ्या कमरेला आली.

पुढचे दोन महिने मी सुखात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ढगांनी मला साथ दिली. चहाच्या वेळी खिडकीतून आभाळ पाहून मी गंभीरपणे म्हणे, "आज काही खरं नाही, दुपारी पुन्हा बघावं लागेल." दिवसातून एकदाचे दोनदा झाले, दोनदाचे तीनदा. चिरंजीव पेपरामागून म्हणत, "हवामान खात्यात नोकरी लागली काय तुला?" आणि मी हसत पायऱ्या चढे. खाली उघडे दार आणि घंटा. वर लाल दांडा, निळा दांडा आणि खोके. गिझर चुकीचा आहे, हे मला रोज ठाऊक होते. रोज मी व्हॉल्व्ह वेळेवर फिरवीत होते, म्हणून तो चुकीचा राहिला नव्हता, असे मी स्वतःला समजावीत असे.

त्या दिवशी सकाळ काळवंडलेली होती. मी लाल दांडा उघडला आणि निळा बंद केला. अकराच्या सुमारास ऊन पडले, चांगले कडक. साडेबाराला मी वर गेले. काटा अठ्ठावन्नावर होता. लाल बंद करून निळा उघडायचा, दोन हिसक्यांचे काम. दांडा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता, आणि मी मनाशी म्हटले, पाच मिनिटे बसते, मग उठताना फिरवीन. दुपारी कोण गरम पाणी सोडणार आहे?

मी बसले. पाठीला टाकी लागली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

टाकीमागे खालची हाक ऐकू येत नाही, असे मी वर लिहिले आहे. किंकाळी मात्र ऐकू आली.

सूनबाईने दोन तक्रारींच्या मधल्या मिनिटात तेलकट भांडी विसळायला घेतली होती. उजव्या हाताची पाठ मनगटापर्यंत लाल झाली होती, आणि फोड माझ्या डोळ्यांदेखत वर येत होते. मी तिचा हात गार पाण्याच्या धारेखाली धरला, वीस मिनिटे, घड्याळ लावून. तेवढी शिस्त अंगात आहे. तिच्या गळ्यातले यंत्र मधूनमधून बोलत होते. कोणी परका माणूस विचारत होता, बाई, तुम्ही आहात ना?

चिरंजीव धावत घरी आले. पट्टी बांधून झाली होती.

"विसरलीस," ते म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते. आवाज अगदी मऊ होता. "होतं असं या वयात, आई. तुझी चूक नाही."

बाहेर पडायला सोपी वाट त्यांनी स्वतःच उघडून दिली होती. विसरभोळी म्हातारी म्हणून मला क्षमा मिळत होती. मी खुर्चीत ताठ बसले.

"मी विसरले नाही," मी म्हणाले. "मी वरच होते. व्हॉल्व्हच्या शेजारी बसले होते. फिरवायला उठले नाही. आणि हे यंत्र आपल्या कामाचे नाही, हे प्लंबरने पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते मी तुला सांगितले नाही."

"बसली होतीस? वर? कशाला?"

चिरंजीव माझ्याकडे पाहत राहिले. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन सूनबाईही पाहत होती, पण तिच्या पाहण्यात प्रश्न नव्हता.

प्लंबरला मीच बोलावले. स्वतः पेटणारा, स्वतः विझणारा गिझर आला. लाल आणि निळा दांडा काढून टाकायला मी उभी राहून सांगितले, जिन्याच्या दारातून, कारण गच्चीवर मी पाऊल टाकले नाही.

"मेट्रनबाई, मीच ठाम राहायला हवं होतं," तो खालच्या मानेने म्हणाला.

"तुझ्यात तेवढा दम नव्हता. जन्मल्यापासून नाही," मी म्हणाले, आणि कमरेची किल्ली काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली.

आता मी माझ्या खोलीत असते. बाल्कनी भिंतीपलीकडेच आहे. कोणी नळ सोडला आणि टाकीतले पाणी पुरेसे तापलेले नसेल, तर टकटक होते आणि मग ज्योत पेटल्याचा भक्क आवाज येतो. पाणी तापलेले असेल तर शांतता. पडल्या पडल्या मला गच्चीवरचे सारे कळते. पूर्वी वर जाऊन कळत असे, तेवढेच. पहिला आठवडा उन्हाच्या दिवशी शांतता असे. दुसऱ्या आठवड्यात उन्हातही गिझर थोडा वेळ जळू लागला. तिसऱ्या आठवड्यात लख्ख सकाळी तो मिनिटभर जळत राहिला आणि मी जेवणाच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "काच मळली आहे."

"जळू दे ना थोडा गॅस," रविवारच्या निवांतपणाने चिरंजीव म्हणाले. "नाहीतर प्लंबरला सांगतो."

"मी जाते," सूनबाई म्हणाली. तिच्या हातावर गुलाबी, नवी कातडी आली होती. तिने बादली भरली, मऊ फडके खांद्यावर टाकले आणि खिळ्यावरची किल्ली घेतली. मी खोलीत परतले होते; ती माझ्या दारावरून जाताना मी तिला थांबवले.

"काच पुसायला दहा मिनिटे लागतात," मी म्हणाले. "मला चाळीस लागत."

तिने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग मान हलवून वर गेली.

मी उघड्या दारातून ऐकत होते. बादली ठेवल्याचा आवाज. काच पुसता पुसता सरकणारी पावले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी माझी सरकत तशी. मग पावले टाकीच्या बाजूला गेली. मग काहीच नाही.

वीस मिनिटांनी तिचा फोन टेबलावर वाजू लागला. तो वाजून थांबला, आणि पुन्हा वाजू लागला.

"अजून वरच आहे?" चिरंजीव उठले. "दोन काचा पुसायला एवढा वेळ? बघून येतो."

त्यांच्या चपला जिन्याकडे निघाल्या. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली.

मी कपाटाच्या कडेची पितळेची घंटा उचलली आणि वाजवली. आल्यापासून पहिल्यांदाच. आवाज चांगला खणखणीत होता.

चिरंजीव धावत माझ्या दारात आले. "काय झालं, आई?"

"उशी सरळ कर," मी म्हणाले. "आणि बस इथे जरा. पाय चेप."