एर्सिलियाचे सरदार

“झारी खाली ठेव!” एर्सिलियाने दारातूनच आवाज दिला. रोमहून आलेला मिशाळ माणूस झारी हातात धरून तसाच उभा राहिला. तुतीच्या पाल्याचा अख्खा भारा त्याने चिंब केला होता. कॅमेऱ्यात पानं चमकली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

“ओला पाला खाल्ला की माझे सरदार मरतील!”

“कोण सरदार, मावशी?”

आमच्या फ्रिउली प्रांतात रेशमाच्या अळ्यांना सरदारच म्हणतात. एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला त्यांना ठेवायच्या वेताच्या नऊ तट्ट्या होत्या. कात टाकायची चौथी झोप संपून त्यांना खा-खा सुटली होती. आठवड्याभरात कोश धरायचे. एप्रिलात अंड्यांची पुरचुंडी तिने उबवायला दहा दिवस स्वतःच्या छातीशी बाळगली होती, रात्री कूसही जपून बदलली होती. नायलॉन आल्यापासून गावात बाकी सगळ्यांनी हा उद्योग सोडला. म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा सिनेमा काढणाऱ्यांनी तिचंच घर निवडलं होतं.

दिग्दर्शक धावत आला. “आजी, मिनिटभराचं काम आहे हो. मेल्या तर नव्या आणून देतो.”

“जूनमध्ये? कुठून, रोमच्या दुकानातून?”

“ऊन उतरतंय, आजी!”

“मग पुसायला लागा.”

शेजारच्या जेल्मीनाने तिला कोपराने ढोसलं. “अगं, जातील ना उठून! सिनेमात यायचं राहील तुझं.”

“जाऊ देत. माझ्या आईच्या तट्टीवर कधी ओलं पान पडलं नाही. उद्या लोक पडद्यावर बघून म्हणतील, या बाईला एवढंही कळत नव्हतं?”

ती उंबऱ्यावर बसली आणि एप्रनने पान पुसू लागली. एक झालं की दुसरं. अंगणात वीस माणसं नुसती बघत उभी. मग सिनेमातली शेतकरीण झालेली नटी येऊन तिच्याशेजारी टेकली.

“एकेक पुसायचं?”

“एकेक. देठाकडून. आणि हळू, बाई, भांडी नाही घासायचीत!”

नटी खळखळून हसली. मग ड्रायव्हर बसला, दिवे धरणारे बसले. मिशाळ माणसाने तर पुसायला अंगातला सदराच काढला. सहा वाजेपर्यंत भारा कोरडा झाला.

पाला पडताच तट्ट्यांवर चरचर सुरू झाली, शंभर शिंपी एकदम कापड कातरत असावेत तशी. दिग्दर्शकाने ओरडून हुकूम दिला नाही, नुसता हात हलवला. आधी त्याने नटीला बाजूला केलं होतं. “हात तुमचेच घेतो, आजी. असे हात आमच्याकडे नाहीत.”

जानेवारीत चर्चच्या दालनात सिनेमा लागला. एर्सिलिया काळी शाल घेऊन पहिल्या रांगेत, ताठ.

“तोंड कुठे दाखवलं मेल्यांनी?” जेल्मीना फणफणली. “नुसते हात!”

“गप गं. बघू दे.”

कोश केव्हाच गिरणीच्या उकळत्या पाण्यात जाऊन त्यांचं सूत झालं होतं. अंडी पुरवणाऱ्याने निरोप धाडला होता, एका बाईसाठी यंदा येणं परवडत नाही. पडद्यावर मात्र नऊच्या नऊ तट्ट्या भरलेल्या होत्या, आणि एर्सिलियाचे सरदार माना उंच करून खात होते.