नवी पन्हाळ

माझं वजन एकोणचाळीस किलो आहे. कुणी विचारलं तर मी त्रेचाळीस सांगते, पण गल्लीत कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण सगळ्यांच्या छपरावर मी चालून आलेली आहे. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर जड माणूस चढला की कवेलू पापडासारखे फुटतात. माझा भाऊ स्वप्निल एकदा चढला होता, तर अकरा कवेलू आणि एक वासा घेऊन खाली आला. तेव्हापासून, म्हणजे मी सहावीत होते तेव्हापासून, छप्पर म्हटलं की रिंकू. शेजारचे मुखरूभाऊ तर म्हणायचे, "केवळराम, पोरीले घरजवाईच पाहा बापा. हे गेली तं गल्ली गळते."

सगळे हसायचे. मीही हसायचे. नंतर नंतर हसू येईनासं झालं.

आमच्या घराची गोम पन्हाळीत आहे. घराची दोन छपरं स्वयंपाकखोलीच्या डोक्यावर एकमेकांकडे उतरतात, आणि दोन्हींचं पाणी जिथं एकत्र येतं तिथं पत्र्याची पन्हाळ टाकलेली आहे, चांगली अठरा फूट. तिचं तोंड मागच्या अंगणात उघडतं. शेजारी चिंच. चिंचेचा पाला दिसायला बारीक, पण पन्हाळीत बसला की त्याची लापशी होते आणि पाणी अडतं. अडलेलं पाणी काठावरून उतरतं ते थेट स्वयंपाकखोलीच्या मातीच्या भिंतीवर. ती भिंत बसली तर दोन्ही छपरं बसली. म्हणून दर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी मी वर, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी. पाला उपसायचा, गंजून भोक पडलं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा डांबरानं चिकटवायचा, की पुढचे आठ-दहा दिवस निभावले.

मागच्या वर्षी नर्सिंगचा कोर्स झाला आणि गडचिरोलीच्या एका खाजगी दवाखान्यातून मला बोलावणं आलं. ऐन जुलैत. बाबा म्हणाले, "पोळा होऊ दे, मंग जा." पोळ्याला फोन केला, तर जागा भरली होती. मी आठ दिवस कुणाशी बोलले नाही. आठ दिवसांनी पन्हाळ तुंबली आणि मला वर चढावंच लागलं. बोलणं पुन्हा सुरू झालं ते "खुरपं द्या" इथून.

या वर्षी त्याच दवाखान्यातून पुन्हा फोन आला. पुन्हा जुलैच. सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतली पुढची मुलगी. बाबांनी जाळं विणता विणता मान वर न करता विचारलं, "आन पन्हाळ कोन पाहीन?"

आई तडकली. माझी आई रंभाबाई सहसा तडकत नाही. "पन्हाळीसाठी पोरगी बांधून ठेवता का? जाऊ द्या तिले. मी सांगून राह्यली, जाऊ द्या." तिनं त्याच दिवशी माझी पिशवी भरायला घेतली. दोन ड्रेस, चादर, लोणच्याची बरणी. रोज त्यात काहीतरी नवं घालायची आणि काहीतरी काढायची. त्या घरात माझ्या बाजूनं एक माणूस आहे, एवढ्यावर मी ते दिवस काढले.

मग मी ठरवलं, पन्हाळच अशी घालायची की तिला रिंकू लागणार नाही. पावसानं चार दिवस उघाड दिली होती. स्वप्निलनं चामोर्शीहून रुंद पन्हाळ आणली, जुनीच्या दुप्पट, साडेसहा फुटांचे तीन तुकडे. जुनी मी काढली तेव्हा तिचा तळ बिस्किटासारखा हातात आला. शुक्रवारी नवी बसवली. वरची बाजू चांगली वीतभर उंच घेतली, म्हणजे पाणी थांबणारच नाही. सांधे एकावर एक चढवून रिबिट मारले, वरून डांबर. शेवटी बाबांचं जुनं जाळं पन्हाळीवर ताणून बांधलं. पाला जाळ्यावर राहील, पाणी खाली जाईल, आणि जाळं झटकायला एक दोरी थेट ओसरीत सोडली. ती दोरी कुणीही ओढावी, सत्तर किलोच्या माणसानंसुद्धा.

जाळं बाबांनी स्वतः काढून दिलं. वरची गाठ मला येईना, तर खालून ओरडून ओरडून शिकवली. मी खाली उतरल्यावर म्हणाले, "चांगली केली." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मला रडू आलं, म्हणून मी हात धुवायला गेले.

शनिवारी दणकून पाऊस झाला. भिंत कोरडी ठणठणीत. मी चार वेळा हात लावून पाहिलं. आई चुलीपुढे बसून होती, तिला म्हटलं, "पाह्य आई, एक थेंब नाई." ती म्हणाली, "हो माय."

रविवारी दुपारी पुन्हा पाऊस आला आणि भिंत भिजली. नुसती भिजली नाही, वरून धार लागली. पिठाचा डबा हलवावा लागला. बाबा दारात उभे राहून वर बघत होते. "आन पन्हाळ कोन पाहीन?" हे त्यांच्या चेहऱ्यावर मला नीट वाचता आलं. स्वप्निल म्हणाला, "नवीन हाय ना ते? मंग काऊन गळते?"

मला बाबांचाच संशय आला, खोटं कशाला सांगू. चिडून शिडी लावली आणि रिमझिमीतच वर चढले. जाळं जागच्या जागी, सांधे शाबूत, पाला वरच्या वर. पन्हाळ मात्र काठोकाठ भरलेली. मी मागच्या टोकापर्यंत सरकत गेले, पालथी पडून पन्हाळीच्या तोंडातून हात आत घातला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना कापड लागलं.

ओढलं तर निघेना. कुणीतरी काठीनं ठासून बसवलं होतं. शेवटी निघालं तेव्हा सगळं पाणी भसकन अंगणात पडलं, आणि माझ्या हातात लुगड्याचा एक तुकडा राहिला. हिरवा, लाल काठाचा. मागे छप्पर इतकं खाली येतं की स्टुलावर उभं राहिलं तरी पन्हाळीच्या तोंडात हात पोचतो. आणि मागच्या अंगणात आईशिवाय कुणी जात नाही. भांडी तिची, सरपण तिचं, लुगडंही तिचंच.

मी तिथंच पालथी पडून राहिले. पाठीवर पाऊस पडत होता. हे बाबांनी केलं असतं तर मी खाली उतरून भांडले असते, पिशवी उचलली असती आणि निघाले असते. बाबांशी भांडायची माझी वर्षभराची तयारी होती. आईशी भांडायची तयारी कुणाची असते? मला राग आला, भयंकर आला, आणि त्याच्या मागोमाग इतकी कीव आली की रागाला उभं राहायला जागा उरेना. वर आभाळ, खाली घर, आणि मला दोन्हीकडे जायची सोय नव्हती.

बाबांनी खालून विचारलं, "काय होतं?"

"पाला," मी म्हणाले. तुकडा ओढणीत गुंडाळून उतरले. आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भाकरी तिनं नको इतकी पातळ केली आणि ती तव्यावर फाटली.

सोमवारची बस सातची. पुढची नऊची, ती गडचिरोलीला पोचेपर्यंत अकरा वाजतात. पावणेसातला तयार होऊन निघाले तर पाऊस चालूच होता, आणि स्वयंपाकखोलीच्या भिंतीवरून धार येत होती. बाबा पहाटेच नदीवर गेलेले, स्वप्निल घोरत होता. आई दारात माझी पिशवी घेऊन उभी.

"जा माय," ती म्हणाली. "बस निंगून जाईन." आणि म्हणता म्हणता तिची नजर भिंतीकडे गेली.

मी पिशवी घेतली नाही. म्हटलं, "आई, आता काय कोंबलं?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी नाई चढत वर. तू घातलं, तू काढ."

मला वाटलं ती नाही म्हणेल, किंवा रडेल. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि स्टूल उचलून पावसात मागच्या अंगणात गेली. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. चिखलात ते आणखीच डुगडुगायला लागलं. आई त्यावर चढली तशी मी धावत जाऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

ती हात आत घालून ओढत होती आणि बोलत होती. माझ्याकडे न बघता, पन्हाळीशी बोलावं तशी. "तू गेली का या घरात माह्यासंगं बोलनारं कोन हाय? तुहा बाप जाळ्यासंगं बोलते. स्वप्निल मोबाईलसंगं बोलते. दिवसभर मले कोनी रंभा म्हनत नाई, का आई म्हनत नाई. वाटलं, अजून एक पावसाळा. एकच."

"मंग जा काऊन म्हनत होती?"

"तेही खरंच होतं," आई म्हणाली.

तेवढ्यात बोळा निघाला. सगळं पाणी तिच्या तोंडावर, छातीवर आलं. स्टूल हललं, मी घट्ट धरलं. तिचे भिजलेले पाय माझ्या तोंडासमोर होते, टाचा भेगाळलेल्या, एका बोटात जोडवं नव्हतं. आणि नाक्यावर बसचा हॉर्न वाजला.

नाका आमच्या घरापासून पळत दोन मिनिटांवर आहे. बस तिथं पाच मिनिटं थांबते, ड्रायव्हर चहा पितो. मला हे सगळं माहीत होतं आणि माझे हात स्टुलावरून निघत नव्हते.

"सोड," आई म्हणाली.

"पडशीन तू."

"पडली तं पडीन. सोड, रिंकू."

मी सोडलं. पिशवी उचलली आणि चिखलातून पळत सुटले. बस हलायला लागली होती, कंडक्टरनं दार उघडून मला आत ओढलं.

खिडकीशी बसल्यावर लक्षात आलं, मी मागं वळून पाहिलंच नाही. आई स्टुलावरून नीट उतरली की नाही, मला माहीत नव्हतं. फोन हातातच होता. चामोर्शी येईपर्यंत मी तो लावला नाही. लावला असता तर तिनं उचलला असता, आणि तिचा आवाज ऐकून मी बस थांबवली असती.