दादाच्या हातची गाडी

गाडीच्या बाबतीत कुणी मला शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. एकावन्न वर्षांची आहे मी, त्यातली एकोणीस एकाच मोटरसायकलवर काढली आहेत. पोटासाठी दातांच्या कवळ्या बनवते. चार आठवड्यांची रजा पहिल्यांदाच मिळाली होती, साडेतीन हजार किलोमीटरचा रस्ता आखून झाला होता, आणि जायचं होतं एकटीने. गाडीने मला धडपणे घरी परत आणावं, एवढंच मागणं होतं. प्रश्न असा, की जुनीच न्यायची की नवी घ्यायची.

शोरूमवाल्याने नवी एक दिवस चालवायला दिली. खोटं कशाला बोलू, गाडी झकास होती. पळायला चपळ, तरी तीनशे किलोमीटरनंतर पाठीने कुरकुर केली नाही. वेग एकदा ठरवून दिला की मनगटाला सुट्टी. ओल्या रस्त्यावर ब्रेक करकचून दाबून पाहिला, चाक घसरलं नाही. मुठी गरम होतात, पुढची काच बटणाने वर येते. एवढे लाड माझे माहेरीही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता जुनीवर केला. सकाळी चोक ओढून पाच मिनिटं मनधरणी करावी लागली. दोनशे किलोमीटरनंतर तिची सीट म्हणजे नुसती फळी. पण चढावर तिला कधी गियर हवा ते मला न सांगता कळतं. शिवाय ती दादाच्या हातची. माझा थोरला भाऊ मेकॅनिक आहे, आणि एकोणीस वर्षांत त्याच्याखेरीज कुणी तिला पाना लावलेला नाही. परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. जुनीच न्यायची.

दादाची एक पद्धत आहे. बोल्ट आवळून झाला की बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत तो पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. बोल्ट पुढे सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. प्रवासासाठी म्हणून आठवड्यापूर्वीच त्याने गाडीभर ताज्या रेघा मारून दिल्या होत्या.

घरी येऊन गाडी पुसायला घेतली. कवळी डबीत घालण्याआधी तिच्यावरून बोट फिरवायची मला खोड आहे, नुसत्या डोळ्यांवर मी विसंबत नाही. तसाच पुढच्या ब्रेकचा बोल्ट चिमटीत धरला. रेघ सलग होती. बोल्ट फिरला. दुसरा धरला, तोही फिरला. तीनशे किलोमीटर मी त्यांच्या भरवशावर ब्रेक मारत आले होते.

तशीच तडक दादाच्या गॅरेजवर गेले. तो बाकापाशी चहा पीत बसला होता.

"पुढच्या ब्रेकचे बोल्ट आवळले होतेस का?"

"रेघ दिसत नाही का तुला?"

"रेघ दिसते. बोल्ट हाताने फिरतायत."

त्याने कप खाली ठेवला. "बस जरा."

"मला बसायचं नाही. मेले असते मी, दादा."

उजवा हात पुढे करून त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यातच थांबली.

"वर्ष झालं," तो म्हणाला. "बाकीच्या गाड्या भागीदार आवळून देतो. तुझ्या गाडीला मी त्याला हात लावू देत नाही."

"मग सांगायचंस ना मला."

"लागेल तेवढा जोर लागला असं वाटलं मला. खरंच वाटलं."

राग तर आला होताच, पण त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस म्हातारा होत होता आणि दर महिन्याला इथे येऊन चहा पिणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. पण मी हात टेकणाऱ्यातली नाही. भिंतीवरचा पाना काढला.

"ठीक आहे. एकेक बोल्ट मी आवळते, तू समोर बसून सांग. संध्याकाळपर्यंत होईल. जुनीच नेणार मी."

दादाने मान हलवली. "बाहेरचे आवळशील. आतलं काय करशील? सहा महिन्यांपूर्वी इंजिन मीच उघडलं होतं."

पाना माझ्या हातात तसाच राहिला.

"नवी घे, बारके," तो म्हणाला. "तिला माझा हात लागलेला नाही."

मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या हातातून पाना घेतला, जागेवर लावला आणि शोरूमला फोन लावला.

"बहिणीसाठी हवीय," तो फोनवर म्हणाला. "लांब जाणार आहे ती, एकटी. पुढच्या ब्रेकचे बोल्ट आवळलेत ना?" पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी खात्री देत राहिला. दादाने ते सगळं ऐकून घेतलं.

"असतील आवळलेले," तो म्हणाला. "तरी एखाद्या तरण्या माणसाकडून पुन्हा आवळून घ्या."