गादीतली धूळ

अक्षताचा श्वास मी दुपारी मोजत असे. ती झोपली की शेजारी बसायचं, मनगटावरचं घड्याळ काढून गादीवर ठेवायचं आणि मिनिटभर तिच्या पोटाकडे बघत राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाळिसाच्या वर गेला की वाट बघू नका, सरळ घेऊन या. ती छत्तीस, सदतीस, अडतीस अशी त्या आकड्याच्या अलीकडेच असायची आणि मी घड्याळ चढवून कामाला लागायची. तीन वर्षांच्या पोरीनं दोनदा तो आकडा ओलांडला होता. दोन्ही वेळा तिच्या बरगड्यांखाली खळगे पडले होते आणि छातीतून बारीक शिट्टी येत होती. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी मी आधी तिच्याकडे धावायची.

बाळदमा, डॉक्टर म्हणाले. धुळीपासून जपा. म्हणून मी दिवसातून तीनदा फरशी पुसायची. झाडू मारताना तिला दारापुढच्या ओट्यावर सासूबाईंच्या मांडीत बसवायची. एवढं करूनही शिट्टी कुठून येते, ते कळत नव्हतं.

आम्ही कुपवाड रस्त्याला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मिलिंद कुपवाडच्या एका कारखान्यात होते. माझं माहेर सातारचं, बी. ए. झाले आणि लग्न होऊन इकडे आले. सासूबाई चंद्राबाई, मी त्यांना आत्या म्हणते, पलूसकडच्या एका खेड्यातल्या. त्यांनी आमच्या घराला एक नियम घालून दिला होता. दारात कुणाला उभं ठेवायचं नाही. मीटर बघणारा येवो, चादरीवाला येवो, आधी आत घ्यायचं, बसवायचं, मग विचारायचं काय काम आहे. लहानपणी त्यांना रोज एका मोठ्या दाराबाहेर उभं राहावं लागे. थांब तिथंच, म्हणत आणि वरून भाकरी ओच्यात टाकत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मिलिंदनी एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात.

त्या नियमामुळेच जयराज आत आला. शहाण्णव साल होतं, डिसेंबरातला मंगळवार. गळ्यात टाय, हातात भलीमोठी पेटी, वय चाळिशीच्या आसपास. दारातच त्यानं सांगायला सुरुवात केली तर आत्या म्हणाल्या, आधी बसा. तो कडेगावचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. त्यानं भिंतीवरचे फोटो बघितले. मी त्याच्याकडे बघत होते. त्या फोटोंवरून आमची जात कळली की पुष्कळ जण पाणी नको म्हणतात, म्हणून असं बघायची सवयच असते. त्यानं स्वतःहून पाणी मागितलं आणि तांब्या संपवला.

मग त्यानं धूळ ओढणारी मशीन बाहेर काढली. लाल रंगाची, सोंडेसारखा पाइप असलेली. दाराआडून बघणाऱ्या अक्षताला म्हणाला, परदेशात म्हणं अशी मशीन काढायला लागलेत की आपली आपण घरभर फिरती, माणूस लागतच न्हाई. आत्या म्हणाल्या, मग माणसानं काय करायचं, मशीनच्या मागनं फिरायचं? जयराज मोकळेपणानं हसला. मीही हसले. त्या दिवशीचं तेवढंच हसणं.

त्यानं पांढऱ्या फडक्याचा तुकडा पाइपाच्या तोंडाशी बसवला आणि आधी आत्यांच्या गादीवर अर्धा मिनिट फिरवला. फडक्यावर राखाडी, कापसाळ गोल उमटला. मग नवं फडकं लावून आमच्या पलंगावरच्या गादीवर, जिथं अक्षता आमच्या दोघांच्या मधे झोपायची. मी त्याच दिवशी चादर बदलली होती. मशीन बंद करून त्यानं फडकं माझ्या हातात दिलं. गोल काळा होता. बोट लावलं तर बोटाच्या रेषांमध्ये बसला.

"ह्याच्यावर पोरगी तोंड ठिवून झोपती, मॅडम," जयराज म्हणाला. विकण्यासाठी म्हणाला हे मला कळत होतं. तरी मी वाकून तिची उशी उलटी करून बघितली. तोंड ठेवून म्हणजे तोंड उघडं ठेवून. नाक चोंदलं की ती तशीच झोपते.

किंमत सहा हजार आठशे. मिलिंदचा पगार दोन हजारांच्या आत. हप्ते पडतील म्हणाला. रविवारी, साहेब घरी असताना कागद घेऊन येतो, असं सांगून तो गेला. दोन्ही फडकी मी मागून घेतली. आत्या म्हणाल्या, झाडू मेला म्हणून सांगायला आलावता काय त्यो. पण त्यांनीही आपली गादी उन्हात टाकली.

संध्याकाळी मिलिंद आले. सायकलची घंटा वाजली की अक्षता ओट्यावर पळायची. ते डबा खाली ठेवायचे आणि तिला तशीच उचलून घ्यायचे. ती त्यांच्या शर्टात तोंड खुपसून बसायची. दिवसभरात ती सगळ्यात आनंदात असायची ती त्या घटकेला. जेवायच्या वेळी मी फडकं दाखवलं. किती महाग, कसं परवडणार, पुसून घेतलं तर नाही का भागणार, असं मीच बोलत होते, कारण त्यांनी नाही म्हटलं तर मला दोष द्यायला नको होता. त्यांनी नाही म्हटलंच नाही. पोरीपेक्षा पैसा मोठा न्हाई, म्हणाले. उद्यापासून दोन तास जास्त थांबतो, कृष्णातला सांगतो. कृष्णात त्यांचा सुपरवायझर. आठ-दहा महिन्यांत फिटतंय, त्यात काय एवढं, असंही म्हणाले.

मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

बुधवारी ते दोन तास उशिरा आले. अक्षता जागी राहिली होती. त्यांनी तिला उचललं, ती शर्टात शिरली, आणि थोड्या वेळानं खोकली. कोरडा, बारीक खोकला. मिलिंदही खोकले. आत्या गमतीनं म्हणाल्या, बापलेक एका सुरात हायत. मी हातातली चपाती तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली.

गुरुवारी सकाळी मी दोन्ही फडकी ओट्यावर उन्हात शेजारी शेजारी पसरली. एकाच घरातल्या दोन गाद्या. एकच झाडू, एकच खिडकी, एकाच रस्त्याची धूळ. आत्यांचं फडकं राखाडी होतं. आमचं काळं, आणि उन्हात त्यात बारीक चकाकत होतं.

मिलिंदच्या मोडक्या रेडिओचा स्पीकर फळीवर पडला होता. त्याचं लोहचुंबक मी कागदाखाली धरलं आणि कागदावर काळी धूळ झटकली. शाळेत हा प्रयोग केला होता. धूळ केसांसारखी उभी राहिली. चुंबक सरकवलं तशी सरकली. मग आत्यांच्या फडक्यावरची झटकली. ती नुसतीच पडून राहिली.

मिलिंद कास्टिंग घासायच्या खात्यात होते. लोखंडाचे ओतलेले भाग चाकावर घासून गुळगुळीत करायचे, दिवसभर. मी त्यांचा कालचा कामाचा शर्ट खुंटीवरून काढला. खिशावर, जिथं अक्षताचं तोंड येतं, तिथं चुंबक लावलं आणि उचललं तर त्याला तीच काळी लव चिकटली होती.

मी फरशी पुसत होते आणि धूळ रोज संध्याकाळी सायकलवरून घरी येत होती. मीच तिला दार उघडत होते. आणि आता ती ओढणारी मशीन घ्यायची म्हणून मिलिंद रोज दोन तास जास्त त्याच धुळीत उभे राहणार होते. मी ओट्यावरच बसले. मग मनात दुसरी गोष्ट आली आणि तिनं मला उठू दिलं नाही. ही शर्टावरची धूळ. शर्टाच्या आत काय असेल? सकाळी नळावर मिलिंद खाकरतात तेव्हा ती जागा लगेच धुऊन टाकतात. मला वाटायचं, काय स्वच्छ माणूस.

दिवसभर मी वाक्यं जुळवली. कसं सांगायचं ते घोकलं. तुम्ही कारखान्यातच कपडे बदलत जा. घरी आलात की मागच्या बाजूनं या, आधी आंघोळ करा, मग तिला घ्या. सोपी वाक्यं होती. पण आत्यांच्या देखत हे कसं म्हणायचं? शब्द फिरवले तरी अर्थ एकच निघत होता: दारात थांबा.

संध्याकाळी घंटा वाजली. अक्षता पळाली. मिलिंदनी डबा खाली ठेवून हात पुढे केले आणि माझी सगळी वाक्यं गेली. मी तिला मागून कमरेला धरून ओढलं.

"तिथंच थांबा. आत येऊ नका. तिला शिवू नका."

मी हे म्हणाले. दुसरा शब्द तोंडात आलाच नाही.

मिलिंदचे हात तसेच पुढे राहिले. मग ते एक पायरी खाली उतरले. मी नुसतं थांबा म्हटलं होतं, ते मागे गेले. माझ्या पाठीमागे आत्या निवडायचे तांदूळ घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणलीस?"

मी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. चुंबक, कागद, फडकी, सगळं एकदम सांगत होते आणि अक्षता माझ्या हातात मासोळीसारखी उसळत होती. बाबा, बाबा करत तिनं असा सूर लावला की तिचा श्वास पुरेना. मग ती शिट्टी आली. मी तिला वाचवायला धरलं होतं आणि माझ्याच हातात तिच्या बरगड्यांखाली खळगे पडायला लागले. सोडली तर ती त्या शर्टात जाणार. धरली तर रडून श्वास कोंडणार. मी हललेच नाही.

मिलिंदनी अंगणातच शर्ट काढला आणि नळाच्या चावीखाली बसले. डिसेंबरची थंडी, पाणी बर्फासारखं. शेजारच्या रंगूबाई दारात आल्या.

"का ओ मिलिंदभाऊ, मयताला जाऊन आलाय काय?"

"न्हाई ओ वैनी, धुळीला जाऊन आलोय," ते म्हणाले. हसून म्हणाले, पण दात वाजत होते.

ओल्या अंगानं ते आत आले आणि अक्षताला माझ्याकडून घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत खोलीत फेऱ्या मारत राहिले. डॉक्टरांनी दिलेलं औषध मी चमच्यानं पाजलं. अर्ध्या तासानं शिट्टी विरत गेली. 

आत्या माझ्याशी बोलल्या त्या एकदाच, ताट वाढताना. "ह्या घरात त्यो शब्द आलावता न्हाई," म्हणाल्या. नंतर दोन दिवस नाही. पण मिलिंदचे कामाचे कपडे त्यांनी वेगळ्या बादलीत भिजवले. सकाळी मी बघितलं तर त्या बादलीपाशी बसल्या होत्या. वरचं पाणी ओतून दिलं होतं आणि तळातला काळा गाळ बोटांत घेऊन चोळत होत्या, पीठ बारीक आहे का बघतात तसा. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मान वळवली नाही.

मिलिंदनी जास्तीचं काम सोडलं की नाही, मी विचारलं नाही. ते शुक्रवारी वेळेवर आले. मागच्या बाजूनं आले, आंघोळ केली. अक्षता चावीपाशी उभी राहून, झालं का, झालं का, विचारत होती.

रविवारी जयराज आला. टाय होता, पेटी होती, हप्त्याचे कागद होते. आत्यांनी त्याला आत घेऊन बसवलं. मी दोन्ही फडकी समोर ठेवली, चुंबक दाखवलं आणि मशीन घेत नाही म्हणून सांगितलं. धूळ कुठून येते ते कळलं, आता ती दारातच अडते. त्यानं चुंबक काळ्या फडक्याखाली एकदा सरकवून बघितलं. त्यानं मला पटवायचा प्रयत्न केला नाही. कागदांची घडी केली आणि पेटीचं झाकण लावायला वाकला.

तेव्हा आत्या पुढे सरकल्या. पाइपाला हात लावून बघितला.

"आवं, ही माणसाच्या छातीला लावता येती का?"

कुणी हसलं नाही. त्यांनी खरंच विचारलं होतं. एका गादीतून एवढं निघतं तर विचारायला काय हरकत होती? जयराजनं पलंगावर बसलेल्या मिलिंदकडे बघितलं.

"न्हाई आजी," तो म्हणाला. "छातीला न्हाई लागत."

तो गेला. मिलिंद अक्षताच्या फ्रॉकचं बटण लावत होते. मला आता त्यांना दवाखान्यात जायला तयार करायचं होतं. चार वर्षांत त्यांनी एक रजा घेतलेली नव्हती. माझ्या बाळंतपणातसुद्धा कारखान्यातली पाळी करून मगच आले होते. काही होत न्हाई, धुराचा खोकलाय, असं म्हणतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. रडायची वेळ आली तर रडायचंही ठरवलं होतं.

"उद्या रजा टाकलीय," ते आपणहून म्हणाले. "सिव्हिलला जाऊन छातीचा फोटो काढून घिऊ."

 माझ्याजवळच्या एकाही उत्तराचा उपयोग नव्हता.

"कधीपासून होतंय?" मी विचारलं.

बटण लागत नव्हतं. त्यांनी ते परत काढलं, परत घातलं.

"मागल्या उन्हाळ्यापासनं," ते म्हणाले. "आईला सांगू नगंस."

आत्या उंबऱ्याच्या आत, पाच हातांवर, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते.